निळ्या खदानीतली तिसरी टाकी

१

खेमराज पटले पाण्यात बुडून मरेल, असं बालाघाटात कुणी पैज लावून सांगितलं असतं तरी लोक हसले असते. भर पुरात वैनगंगा आडवी पोहून पलीकडून सीताफळं आणणारा माणूस तो. पण १९८५च्या दिवाळीच्या सुट्टीत, भरदुपारी, त्याच खेमराजचं प्रेत निळ्या खदानीत पालथं तरंगताना त्याच्या बायकोनं, सरितानं, पाहिलं.

निळी खदान म्हणजे लामत्याच्या रस्त्याला रानात असलेली मँगनीजची बंद पडलेली खाण. पंप थांबले तसं तिच्यात पाणी भरलं, आणि ते इतकं स्वच्छ की वरून तळातले लोखंडी रूळ दिसत. नेव्हीत पाणबुड्या असलेला डोमाजी मेश्राम रिटायर होऊन घरी परतला, तेव्हा त्यानं या पाण्यापाशी तंबू ठोकला. हवा भरायचा कंप्रेसर, तीन टाक्या, पाण्याखाली श्वास घ्यायचे दोन रेग्युलेटर. सुट्टीत येणाऱ्या हौशी लोकांना तो हे सामान भाड्यानं देई आणि स्वतः सोबत उतरून पाण्याखालची दुनिया दाखवी.

त्या दिवशी तिथं डोमाजी सोडून पाच माणसं होती. खेमराज आणि सरिता. सरिताचा मावसभाऊ हिरालाल रहांगडाले, हा राइसमिलचा मालक. जर्मनीत नोकरी करणारा आणि सुट्टीवर आलेला गोपाळकृष्ण पाठक, आणि त्याची बहीण चारुलता.

डोमाजीनं उडी मारून खेमराजला काठावर आणलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्याच्या दोन्ही घोट्यांवर बोटांचे काळेनिळे वळ होते. सरकारी डॉक्टरांनी ते पाहून एकच वाक्य सांगितलं, "याला खालून कुणीतरी धरून ठेवलं होतं."

खालून धरायचं तर धरणाऱ्याकडे हवा पाहिजे. सकाळी भरलेल्या तीन टाक्यांपैकी दोन हिरालाल आणि चारुलतेनं जोडीनं उतरून संपवल्या होत्या; डोमाजी वरून पोहत त्यांच्यावर नजर ठेवून होता. कंप्रेसरचा पट्टा तुटलेला होता. भरलेली टाकी एकच उरली होती, तिसरी. ती गोपाळकृष्णानं पलीकडच्या काठावर नेली होती.

आणि काठावरचा आक्रोश नीट कानावर पडण्याआधीच, ओल्याचिंब अंगानं येता येता, तो सगळ्यांना ओरडून सांगत होता, "काय पाणी आहे! पलीकडच्या कड्याखाली होतो मी एवढा वेळ. टाकी रिकामी करूनच वर आलो!"

२

"माझा मुलगा खोटारडा असेल, पण खुनी नाही," अहिल्याबाई पाठक म्हणाल्या.

समोर आशालता कानडे बसल्या होत्या. वडील सरकारी वकील होते, त्यांच्या मागं आशालताबाई त्याच खोलीत, त्याच टेबलावर वकिली करत. चाळिशीच्या, अंगानं किरकोळ, आवाजानं मात्र खणखणीत. एखादी गोष्ट हाती घेतली की सुटेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे.

"आई, खोटारडा कशावरून म्हणता?"

"आता पोलिसांना सांगतोय, की तो पाण्यात उतरलाच नव्हता! आधी सगळ्यांदेखत सांगितलं उतरलो होतो म्हणून. कोण विश्वास ठेवेल?"

आशालताबाई लॉकअपमध्ये गेल्या. गोपाळकृष्णानं जर्मन जाकीट अंगावर तसंच ठेवलं होतं. चेहरा उतरला होता, तरी मान ताठ.

"उतरला नव्हतात, तर अंग ओलं कसं?"

"काठावरच भिजलो."

"कशाला?"

त्यानं जाकिटाच्या बाह्या खाली ओढल्या.

"आदल्या दिवशी खेमराजशी भांडण झालं होतं तुमचं. त्यानं तुम्हाला सगळ्यांसमोर म्हटलं..."

"म्हटलं, की पोहता येणाऱ्याला डबे लागत नाहीत. नि मला पोहता येत नाही, म्हणून मी जर्मनीतून डबे बांधून आलो. सगळे हसले. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. बस. त्यासाठी कुणी जीव घेतो का?"

"मग खरं सांगा. का नाही उतरलात?"

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "तुम्हाला सांगून काय उपयोग?"

आशालताबाई उठल्या. हा माणूस त्यांना मुळीच आवडला नव्हता. पण एक गोष्ट खटकत होती. फासाचा दोर दिसत असतानाही जो बोलत नाही, तो गुन्हा लपवत नसून दुसरंच काही लपवत असतो.

३

ठाण्याच्या मागच्या खोलीत जप्त केलेलं सामान होतं. सब-इन्स्पेक्टर भोजराज तुरकर दारात चहा पीत उभे होते.

"देखिए कानडे बाई, केस साफ आहे. हवा फक्त याच्याकडे होती."

"मला बघू तर द्या."

टेबलावर तिसरी टाकी आडवी ठेवलेली होती. शेजारी गोपाळकृष्णाचा स्वतःचा रेग्युलेटर, जर्मनीहून आणलेला, चकचकीत. तो त्या दिवसापर्यंत त्यानं कुणाच्या हातात दिला नव्हता, पिशवीबाहेरसुद्धा काढला नव्हता. दुसऱ्याच्या तोंडातलं मी तोंडात घेत नाही, असं म्हणून त्यानं डोमाजीचा रेग्युलेटर नाकारला होता.

आशालताबाईंनी तो उचलला आणि टाकीच्या वॉल्व्हपाशी नेला. नुसतं जोडून बघावं म्हणून.

जुळेना.

त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला. रेग्युलेटरच्या टोकाला आटे पाडलेला पितळी ठोकळा होता, नळाच्या तोटीला असतो तसा. तो आत पिळून बसवायचा तर टाकीला तेवढं रुंद, आट्यांचं भोक हवं. आणि टाकीच्या वॉल्व्हला होतं काय, तर सपाट तोंड आणि त्यात मटारएवढं छिद्र.

भोजराज हसले. "बाई, हे आपलं काम नाही. जानकार माणसाला जमतं ते."

"तुमच्यापैकी कुणी जोडून पाहिलं?"

भोजराजांनी चहाचा कप खाली ठेवला. कुणीच पाहिलं नव्हतं.

आशालताबाई आणखी वाकल्या. त्या छिद्राभोवती गोल खाच होती, आणि खाच रिकामी होती. एवढी सुबक खाच कुणी उगाच पाडत नाही. तिच्यात काहीतरी बसत असणार.

"भोजराजजी, डोमाजीचे दोन्ही रेग्युलेटर कुठं आहेत?"

"त्याच दिवशी पत्र्याच्या पेटीत घालून सील केले. अजून उघडले नाहीत."

"नका उघडू," आशालताबाई एकदम म्हणाल्या. "मी सांगेन तेव्हा, सगळ्यांसमोर उघडा."

४

डोमाजी तंबूसमोर बसला होता. त्या दिवसापासून खदानीवर कुणी फिरकलं नव्हतं, आणि पोलिसांनी कंप्रेसरलाही कुलूप घातलं होतं.

"माहीच चूक आहे जी," तो म्हणाला. "एकट्याले पाण्यात जाऊ द्यायचं नसते. नेव्हीत असतो तर मले चाबकानं फोडलं असतं. पण त्यायनं लायसनचं कार्ड दाखवलं, म्हणाले, मले काय शिकवून राह्यला तू."

"तुमच्या टाकीला रेग्युलेटर कसा लावता, ते दाखवा."

डोमाजीनं एक रिकामी टाकी ओढली. "हा शिकंजा. वॉल्व्हच्या तोंडाले असा वरून घालायचा, मागून खिट्टी पिळली का झाला घट्ट. भाड्याच्या टाक्या आपल्या देशात अशाच. आट्याच्या बी असतात, तिकडे जर्मनीत. ज्याच्याजवळ आट्याचा रेग्युलेटर असन, त्यानं सुट्टीत जायच्या आधी पुसून घ्या लागते, का बाबा, तुमच्याकडच्या टाक्या कोणत्या वॉल्व्हच्या? नाहीतर मधात बसवायचा जोड सोबत ठेवा लागतो."

"गोपाळकृष्णांनी विचारलं होतं?"

"नाही ना."

"आणि त्यांचा आट्याचा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

डोमाजीचे डोळे मोठे झाले. "आट्याचा? मंग तो बसलाच कसा?"

आशालताबाईंनी उत्तर दिलं नाही. टाकीच्या छिद्राभोवतीच्या खाचेत एक काळी रबरी कडी होती, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "आणि हे?"

"वायसर. ह्याच्याबिगर टाकी काही कामाची नाही, सगळी हवा बाजूनं निघून जाते. काळे संपले होते. तिसऱ्या टाकीले त्या दिवशी सकाळीच भुरा लावला, विशाखापट्टणमहून आलेला. तेवढा एकच भुरा आहे."

तिसऱ्या टाकीवर तो भुरा वायसर आता नव्हता. आशालताबाईंनी पाण्याकडं पाहिलं. पाणी अगदी शांत होतं.

"डोमाजी, जेवणाआधी तुम्ही कुठं होता?"

"चारुबाई अन् सरिताबाई चुलीपाशी होत्या. मी बी तिथंच. मधात एकदा लाकडं आणाले गेलतो." तो थांबला, आणि त्याचा आवाज बदलला. "बाई, तुम्ही आता माह्यावर तर नाही ना येऊन राह्यल्या?"

"अजून कुणावरच नाही," आशालताबाई म्हणाल्या. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही.

५

"तुमचा रेग्युलेटर त्या टाकीला बसत नाही," त्यांनी गोपाळकृष्णाला सांगितलं.

त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले. मग हळूच म्हणाला, "हो."

"जोड?"

"असा जोड असतो, हे ऐकून होतो. कधी लागला नाही. तिकडं सगळं आट्याचंच. मला वाटलं, जगात तसंच असतं."

"आणि हे तुम्हाला पलीकडच्या काठावर गेल्यावर कळलं."

"हो. दोन दिवस मी सगळ्यांना व्याख्यानं देत होतो. परत जाऊन डोमाजीकडं त्याचा रेग्युलेटर मागितला असता, तर खेमराजनं मला आयुष्यभर सोडलं नसतं." त्यानं मान खाली घातली. "टाकी खडकामागं ठेवली आणि नाल्याकडं जाऊन बसलो. वेळ काढला. मग अंग भिजवलं, रेग्युलेटर भिजवला."

"आणि टाकीतली हवा सोडून दिलीत, म्हणजे वापरल्यासारखी दिसावी."

"तेच तर!" पहिल्यांदाच त्यानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "सोडायला गेलो होतो. वॉल्व्ह उघडला, तर फुस्ससुद्धा झालं नाही. टाकी आधीच रिकामी होती. मला वाटलं, डोमाजीनं रिकामीच दिली. मनात म्हटलं, बरंच झालं."

आशालताबाई खुर्चीतून पुढं सरकल्या. "टाकी कोरडी होती की ओली?"

त्यानं आठवून पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"ओली होती," तो म्हणाला. "मी भिजवायच्या आधीच ओली होती."

६

हिरालाल राइसमिलच्या ओसरीवर भेटला. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, खेमराजच्या आठवणीनं डोळेही पुसले.

"जिजाजी नाही, दोस्त होता माझा. उस जर्मनवाले को फाँसी होनी चाहिए. आणि तुम्ही त्यालेच वाचवून राह्यल्या!"

"मी फक्त विचारते. तुम्ही पाण्यातून वर आल्यावर काय केलंत?"

"टाकी डोमाजीले दिली. थकलो होतो, मोहाच्या झाडाखाली जाऊन झोपलो. सरिताच्या आवाजानं उठलो."

"आणि रेग्युलेटर? चारुलतेनं तिचा धुऊन चुलीसमोरच्या दोरीवर टाकला होता. लाल रिबन बांधलेला. तो सगळ्यांच्या नजरेसमोर होता. तुमचा?"

"माझ्या उशाशीच होता."

"कुणी येऊन नेला असेल, तुमच्या झोपेत?"

हिरालाल हसला. "बाई, माझी नींद कुत्र्याची. पान पडलं तरी जागा होतो. त्याचा पट्टा हाताले गुंडाळला होता मी. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"सही करून सांगितलं. कधीही विचारा."

आशालताबाईंनी चहा संपवला आणि तिथून थेट सरिताकडं गेल्या. सरिता देवघरासमोर बसली होती. सुजलेले डोळे, कपाळ मोकळं. प्रश्न विचारताच तिनं मान हलवली. तिला काही ठाऊक नव्हतं. गोपाळकृष्णाशी भांडण झालं होतं, एवढंच.

"त्याच्याशी नाही. दुसऱ्या कुणाशी?"

सरितानं देवघराकडं पाहिलं.

"सरिता, गोपाळकृष्ण त्या दिवशी पाण्याखाली जाऊच शकत नव्हता. मी हे उद्या सिद्ध करणार आहे. ज्यानं हे केलं, तो अजून तुझ्या घरी येऊन तुझं सांत्वन करतो आहे. तुला माहीत असेल ते आज सांग, नाहीतर उद्या सगळ्यांसमोर सांग. पण सांगावं तर लागेल."

सरिता उठली, तिनं आतून दाराला कडी घातली आणि परत येऊन आशालताबाईंसमोर बसली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या खदानीच्या काठावर सगळे जमले. भोजराज दोन शिपाई घेऊन आले होते. गोपाळकृष्णाला बेड्या होत्या. अहिल्याबाई लेकीचा हात धरून उभ्या होत्या. हिरालाल सरिताच्या बाजूला होता आणि तिच्या डोक्यावर छत्री धरत होता.

"भोजराजजी," आशालताबाई म्हणाल्या, "हा आरोपीचा रेग्युलेटर, ही टाकी. जोडा."

भोजराजांनी जोर लावून पाहिला. शिपायानं पाहिला. शेवटी डोमाजीनं नुसतं बघून मान हलवली.

"जोड असेल याच्यापाशी," हिरालाल म्हणाला. "फेकला असन पाण्यात."

"त्याचं उत्तर मिळेल. पण आधी हा काय म्हणतो ते ऐका."

गोपाळकृष्णानं बेड्यांसकट हात वर केले. आईकडं न पाहता तो मोठ्यानं बोलला, "मला टाकी जोडता आली नाही. मी कुणालाच सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. खेमराज पाण्यात ओरडला असेल, तेव्हा मी नाल्यात बसून सिगरेट ओढत होतो."

अहिल्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"तर टाकी खडकामागं भरलेली पडली होती," आशालताबाई पुढं म्हणाल्या. "हा परत आला तेव्हा ती रिकामी आणि ओली होती. म्हणजे मधल्या वेळात ती कुणीतरी वापरली. आट्याच्या रेग्युलेटरनं ती वापरता येत नाही, शिकंज्याचा लागतो. तसे इथं दोनच. चारुलतेचा दोरीवर, तीन माणसांच्या डोळ्यांसमोर होता. आता पेटी उघडा."

भोजराजांनी सील तोडलं. लाल रिबनचा रेग्युलेटर त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा उलटा करून उन्हात धरला. शिकंज्याच्या आतल्या तोंडाला एक रबरी कडी चिकटून बसली होती. रंग भुरा.

डोमाजी पुढं झाला. "माहा वायसर! तिसऱ्या टाकीचा!"

"ओढून काढताना कधी कधी तो टाकीऐवजी रेग्युलेटरला चिकटून येतो," आशालताबाई म्हणाल्या. "घाईत असलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. म्हणून जोड होता की नव्हता, हा प्रश्नच उरत नाही. तिसरी टाकी या रेग्युलेटरनं वापरली गेली. आणि हा वापरत होते हिरालाल."

हिरालालच्या हातातली छत्री खाली आली. "डोमाजीनं केलं असन! लाकडं आणाले तो गेलता. माझ्या उशाचा काढून नेला असन!"

"डोमाजी असता तर वायसर नाही हे त्याला तिथंच दिसलं असतं. रोज वायसर लावणाऱ्या हातातून ते सुटत नाही. आणि तुमच्या उशाचा कोण नेणार? पट्टा हाताला गुंडाळला होता, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, हे तुम्ही सही करून सांगितलं आहे. गोपाळकृष्णही आला नाही, डोमाजीही आला नाही. मग उरतं कोण?"

हिरालालनं सरिताकडं पाहिलं. "सरिता, तू तरी सांग यायले. मी काहून मारीन त्याले?"

सरिता छत्रीच्या सावलीतून बाहेर सरकली.

"कारण ते पोलिसात जाणार होते, दादा," ती म्हणाली. "कटंगीच्या बाजाराच्या दिवशी तुझ्या जीपखाली जो सायकलवाला आला, महागू, त्याच्यापायी. तू जीप थांबवली नाही. ते तुझ्या बाजूले बसले होते. सालभर त्यायले झोप नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मले सगळं सांगितलं, अन् म्हणाले, हिरालालले बी सांगून देल्लं, दिवाळी झाली का मी जातो ठाण्यात." तिचा आवाज फुटला. "मी गप्प राह्यली. मले वाटलं, त्या जर्मनवाल्यानंच केलं. तू माह्या घरी येऊन रडत होता रे!"

हिरालाल खडकावर बसला. झाडाखालून त्यानं गोपाळकृष्णाची फजिती पाहिली होती. भरलेली टाकी खडकामागं ठेवून तो नाल्याकडं गेला, तेही पाहिलं होतं. आणि हा माणूस आपण उतरलो नाही असं मेला तरी कबूल करणार नाही, हेही त्यानं ओळखलं होतं. काम झाल्यावर उरलेली हवा त्यानं पाण्याखालीच सोडून दिली आणि टाकी जागच्या जागी ठेवली.

"मी त्याले हात जोडले होते," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, मेलेला माणूस परत येते का? तर म्हणे, त्याची बायको जिवंत आहे."

भोजराजांनी गोपाळकृष्णाच्या बेड्या काढल्या.

८

अहिल्याबाई पेढे घेऊन आल्या, तेव्हा आशालताबाईंच्या खोलीला कुलूप होतं. त्या सकाळच्या बसनं कटंगीला गेल्या होत्या.

महागूच्या बायकोचं, तुळसाबाईचं, घर धानाच्या बांध्यांना लागून होतं. कापणी चालू होती आणि ती दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला निघाली होती. कमरेला विळा. वकीलबाई दारात पाहून ती घाबरली. वर्षभरात तिच्या दारात पोलीस एकदाच आले होते, तेही गाडी सापडत नाही, एवढं सांगायला.

आशालताबाई ओट्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. जीप कुणाची, चालवत कोण होतं, बाजूला कोण बसलं होतं. बाजूला बसलेला माणूस खरं सांगायला निघाला होता आणि त्यासाठी मेला, हेही सांगितलं.

तुळसाबाईनं विळा काढून ओट्यावर ठेवला.

"माहा माणूस पिऊन होता, म्हणून मेला, असं लिहिलं होतं त्यायनं," ती म्हणाली. "तो पित नव्हता बाई. आयुष्यात कधी पेला नाही. मी सांगत राह्यली, कोणी आयकलं नाही."

"आता मॅजिस्ट्रेटसमोर सांगायचं. सरिताबाई साक्ष देणार आहेत. मी उभी राहीन तुमच्या बाजूनं. माझी फी नाही."

"मले बोलू देतीन तिथं?"

"तुम्हालाच बोलायचं आहे."

तुळसाबाईनं शेतातल्या बायांना हाक मारून सांगितलं, की ती आज कामावर येत नाही. मग आशालताबाईंकडं वळली.

"बालाघाटची गाडी येतच असन," ती म्हणाली. "थांबा जी. लुगडं बदलून येतो."